मोडीत जाण्याआधी

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत ‘जुन्या वस्तूंचे दुकान’ अशी पाटी शोधत फिरलात तर नुसतीच पायपीट होईल. पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईला मटन स्ट्रीटचा चोर बाजार आहे. नागपुरात सीताबर्डीला जुनी पुस्तकं मिळतात. परदेशात लोकांनी दान केलेल्या वस्तू विकणारी दुकानं असतात. अमेरिकेतलं ‘गुडविल’ 1902 पासून हाच उद्योग करतं आहे. आमच्याकडे असलं काही नाही. म्हणजे वस्तू आहेत, पण दुकान नाही. त्या असतात भंगारवाल्याच्या टिनाच्या शेडमागे, भांड्यांच्या दुकानात वजनकाट्याशेजारी ठेवलेल्या मोडीच्या पोत्यात, आठवडी बाजाराच्या अगदी शेवटच्या रांगेत कुलपं-किल्ल्या, नळाच्या तोट्या आणि बंद घड्याळं घेऊन बसलेल्या माणसापुढच्या गोणपाटावर. कोळसा खाणीच्या वसाहतीत बदलीचा हुकूम आलेल्या घराच्या व्हरांड्यात असतात. सरकारी कचेरीच्या निर्लेखित सामानाच्या लिलावात असतात. पाटी नसल्यामुळे इथे जुनी वस्तू विकत घेता येत नाही, ती शोधावी लागते. या विषयाची सगळी गंमत तिथे आहे, म्हणून त्याला प्रस्तावनाही जरा लांब लागते.

हे दोन जिल्हे 26 ऑगस्ट 1982 पर्यंत एकच होते. त्याआधी इंग्रजांच्या कागदांत सगळा मुलूख ‘चांदा’. शिकारीसाठी हा मुलूख प्रसिद्ध होता. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदुका भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि आता इथे उजळ माथ्यानं करता येईल अशी शिकार बहुधा एवढीच उरली आहे. हिला परवाना लागत नाही, मचाण लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि भंगारवाल्याशी ‘कसं काय जी’ म्हणण्याइतकी ओळख.

स्वस्तात मिळतं म्हणून जुनं घ्यावं, असं सांगणारे पुष्कळ आहेत. ते खोटं नाही, पण माझ्या मते तो या छंदाचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. या भागात काय काय होऊन गेलं याचं लेखी टिपण फारसं कुणी ठेवलेलं नाही. ते वस्तूंनी ठेवलं आहे. 31 मार्च 1951 ला मालगुजारी गेली. मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले, ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव या नावानं अजून धानाला पाणी देतात. वाड्यांचं मात्र हळूहळू झालं. एक पिढी टिकली, दुसरी नागपूर-पुण्याला गेली, तिसरीनं वाडा पाडून प्लॉट पाडले. वाड्यातली आरामखुर्ची, गॅसबत्ती, ग्रामोफोन, धान मोजायची पायली, कोठीचं हातभर किल्लीचं कुलूप, हे सगळं त्या तिन्ही टप्प्यांत थोडंथोडं बाहेर पडत राहिलं. पुढे खाणी वाढल्या, औष्णिक वीज केंद्र आलं, सिमेंटचे कारखाने आले. देशभरातून माणसं नोकरीला आली आणि बदली होऊन गेली. जाताना ट्रकात न मावलेलं मागे ठेवून गेली. म्हणून चंद्रपूरच्या एखाद्या भंगाराच्या ढिगात मालगुजाराच्या समईशेजारी कुणा बंगाली इंजिनिअरची हार्मोनियम सापडू शकते. अशी सरमिसळ पुण्याच्या जुन्या बाजारातही सहसा नसते.

सुरुवात पितळेपासून करावी. आमच्या भागातलं पितळ बहुतेक भंडाऱ्याचं. पितळी भांड्यांसाठी भंडारा पूर्वापार नावाजलेलं. मुलीला आंदण द्यायचं म्हणजे गुंड, गंज, कोपर, गडवा आणि समई एवढं तरी हवंच असे. मग स्टील आलं. घासायला सोपं, कल्हईची कटकट नाही. पितळ माळ्यावर गेलं. माळ्यावरून ते कुणाच्या आजारपणात, नाहीतर नातीच्या लग्नात खाली उतरतं आणि दुकानात येतं. दुकानदार वजन करतो, मोडीचा भाव लावतो, तेवढ्या पैशांचं स्टील देतो आणि जुनं पोत्यात टाकतो. पोतं भरलं की ते भट्टीकडे जातं. पोतं भरणं आणि पोतं जाणं यांच्या मधले काही दिवस हीच आपली संधी. गिऱ्हाईक नसेल अशी दुपार गाठावी, चहा सांगावा आणि पोतं उलटं करायची परवानगी मागावी. दुकानदार हसतो, पण नाही म्हणत नाही. मोडीपेक्षा चार पैसे जास्त मिळाले तर त्याला हवेच असतात.

असा एक गुंड हातात घेऊन नीट पाहा. काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं असतात, छिन्नीनं ठोकून काढलेली. कुणी दिलं, कुणाला दिलं, गाव आणि साल. ‘मामाकडून’ एवढंच असेल तर देणारा मामा एकुलता एक असावा. पंगतीला भांडी गावभर फिरायची, ती आपल्या घरी परत यावीत म्हणून नाव. भावाभावांची वाटणी झाली तर कुणाच्या सासरचं काय हे कळावं म्हणूनही नाव. कधी एक नाव छिन्नीनंच खोडून वर दुसरं घातलेलं दिसतं. ती वाटणी की विक्री, हे भांडं सांगत नाही. घासणारीचा हात ज्या बाजूनं जास्त फिरला तिकडची अक्षरं बोटाला लागत नाहीत, उलट्या बाजूची अजून टोचतात. बुडाला झाळ दिलेली असते, कधी दोनदा. पोटावर एक मोठा पोचा असतो. विहिरीच्या काठाला आदळल्याचा. हे सगळं वाचून झालं की किंमत विचारावी. आधी विचारली तर वाचायचं राहून जातं.

एकदा बाजारात एका बाईसमोर असा गुंड होता. नवीन प्लास्टिकच्या बादल्यांमध्ये तो एकटाच जुना. ‘कितीले देता जी?’ म्हटलं तर ती म्हणाली, ‘आमच्या बुढीचा होय. घेवाचा असन त घ्या, नाही त राहू द्या, मी पाणी भरीन.’ विकणारं माणूस असं बोलू लागलं की घासाघीस करू नये. मी केली नाही. तिनं सांगितली ती किंमत वाजवी होती, हे घरी काट्यावर ठेवल्यावर कळलं.

या वेडाचा मराठीतला सगळ्यात मोठा नमुना म्हणजे दिनकर केळकर. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारा हा माणूस पुढे जुन्या वस्तूंच्या इतका नादी लागला की कवितेपेक्षा त्या नादामुळेच ओळखला जाऊ लागला. अडकित्ते, दिवे, कुलपं, फण्या, दौती, गंजिफा, असं रोजच्या घरातलं सामान त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केलं. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं पुण्यात संग्रहालय उभं केलं. वीस हजारांवर वस्तू जमल्या. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपायला पुष्कळ लोक होते. सुपारी कातरायच्या अडकित्त्यात पाहण्यासारखं काही आहे, हे केळकरांना दिसलं. आमच्या झाडीपट्टीला असा माणूस मिळाला नाही. धान मोजायची मापं, मोहफूल वेचायच्या टोपल्या, मासे धरायची बांबूची सापळी यांचं ‘राजा केळकर’ गडचिरोलीत व्हायला हवं होतं. अजूनही व्हायला हरकत नाही.

नाण्यांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात आणि फसवतातही. आदिवासी गावांतल्या बायकांच्या गळ्यात जुन्या रुपयांच्या माळा असत, अजूनही काही म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात दिसतात. नाण्याला वर कडी डाखलेली असते. 1939 पर्यंतचा इंग्रजी रुपया 11.66 ग्रॅमचा आणि त्यात चांदी शंभरात जवळजवळ 92 भाग. महायुद्धात चांदी महागली आणि 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. 1947 चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी औषधालाही नाही. म्हणजे एकाच माळेत शेजारीशेजारी लटकलेल्या दोन रुपयांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि तो फरक फक्त सालात लिहिलेला असतो. फरशीवर टाकलं की चांगल्या चांदीचा रुपया खणखणीत आणि लांब वाजतो, निकेलचा टणकन वाजून थांबतो. कडी डाखलेलं नाणं हौशी संग्राहक कमी किमतीचं मानतात. मला ते उलट वाटतं. कडी नसलेली लाखो नाणी पेट्यांत पडली आहेत. गळ्यात घातलेलं नाणं कुणाच्या तरी गळ्यात होतं.

पण इथेच थांबून एक गोष्ट सांगायला हवी. दिवाळीनंतर धान निघतं, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पैसे येतात. या दोन हंगामांच्या मधे हात रिकामे असतात आणि तेव्हाच शहरातले काही व्यापारी गावात फिरतात. चांदीच्या माळा वजनावर, त्यातही पडत्या भावानं उचलल्या जातात. देवाची पितळी वस्तू, गोटुलचा, म्हणजे गावातल्या तरुणांच्या जमायच्या घराचा, कोरीव खांब, मृतांच्या स्मरणार्थ उभा केलेला लाकडी स्तंभ यांनाही शहरात ‘ट्रायबल आर्ट’ म्हणून गिऱ्हाईक आहे. यातलं काहीही विकत घेऊ नये. विकणारा स्वतः विकत असला तरी घेऊ नये, कारण देवाची वस्तू एकट्याची नसते, गावाची असते. हे माझं मत आहे आणि त्यात तडजोड नाही.

दुसऱ्या काही वस्तूंबद्दल मात्र मताचा प्रश्नच नाही, कायदाच आहे. जुन्या वाड्यांच्या भिंतींवर सांबराची, चितळाची शिंगं असायची. ती आजही भंगारात येतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. आजोबांनी टिपलेलं सांबर होतं म्हणून सुटका नाही, आणि जंगलात आपोआप गळून पडलेलं शिंगही उचलून विकता येत नाही. घरात जुनी शिंगं असणाऱ्यांना ती जाहीर करण्याची संधी 2003 साली पुन्हा एकदा दिली होती, ती मुदतही कधीच संपली. दुसरी वस्तू म्हणजे कोरीव दगड. मार्कंडा, भद्रावती, खुद्द चंद्रपूर, या परिसरात शेत नांगरताना मूर्तीचा तुकडा निघतो. जमिनीत गाडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्ती आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना 1972 चा पुरावशेष कायदा लागू आहे, आणि अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. ‘खजिना सापडला’ ही म्हण आमच्याकडे जपून वापरावी लागते.

तिसरी वस्तू सागवान. इथे मन द्विधा होतं. आलापल्लीच्या सागाचं नाव देशभर आहे. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी याच जंगलातलं सागवान बल्लारपूरच्या आगारातून गेलं. आलापल्लीजवळचं जुन्या सागाचं एक वन ‘वनवैभव’ म्हणून जसंच्या तसं राखलं आहे आणि 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तेव्हा वाडा पडताना निघालेली दारं, चौकटी, गणेशपट्ट्या, तुळया पुन्हा वापरणं हे जंगलावर उपकारच आहेत. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड वाकत नाही, फुगत नाही. रंधा मारला की आतून तेलकट वास येतो. गाभ्याचं लाकूड उधळीनं सोडलेलं असतं, कडेचं पांढरं खाल्लेलं असतं. जुन्या सुतारांनी ते पांढरं किती ठेवलं यावरून त्यांची नियत कळते. खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या असतील तर डोळे झाकून घ्यावं. फक्त डोळे झाकायच्या आधी कागद बघावा. वनजिल्ह्यात लाकूड हलवायचं तर वाहतुकीचा परवाना लागू शकतो आणि ‘जुनं आहे’ हे तोंडी सांगून नाक्यावर भागत नाही. वाड्याच्या मालकाचं पत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, वनविभागात आधी केलेली विचारपूस, एवढं केलं की झोप लागते.

आता कूलर. वाचक हसतील, पण चंद्रपुरात राहून जुन्या वस्तूंविषयी लिहायचं आणि कूलर वगळायचा हा अन्याय होईल. पारा 47-48 अंशांवर जाणाऱ्या गावात पत्र्याचा कूलर म्हणजे घरातला कर्ता पुरुष. मार्चमध्ये सगळ्यांना तो हवा असतो, तेव्हा सेकंडहँड कूलरचा भाव नव्याच्या नाकाला नाक लावून उभा. पाऊस पडला की तोच कूलर अंगणात अडगळ होतो. जाणता माणूस जुलैत घेतो. टब पालथा घालून बूड बघायचं, बोट दाबलं तर पत्रा खचतो का; पंखा हातानं फिरवून बुशची खरखर ऐकायची; मोटर अर्धा तास चालवून हात लावून पाहायचा. खसच्या ताट्या कशा आहेत ते बघूच नये, त्या दरवर्षी बदलायच्याच असतात. वसाहतीतल्या बदलीवाल्यांचे कूलर उत्तम, कारण नोकरदार माणूस सर्व्हिसिंग वेळेवर करतो.

शिलाई मशीन घेणाऱ्यांसाठी एक सूचना: सिंगरच्या मशीनवर क्रमांक कोरलेला असतो आणि त्यावरून ती कोणत्या साली बनली हे शोधता येतं. स्कॉटलंडमध्ये बनलेली, पायानं चालवायची सिंगर आजही वडसा-आरमोरीकडे एखाद्या शिंप्याच्या दुकानात चालताना दिसली तर नवल वाटू देऊ नका. ती विकणार का, असं विचारू मात्र नका. चालत्या मशीनला गिऱ्हाईक नसतं, मालक असतो. एचएमटीच्या घड्याळांचं उलट. त्यांची हौस अलीकडे फार वाढली आहे आणि जुन्या यंत्रावर नव्यानं रंगवलेली तबकडी बसवून विकणारे सगळीकडे आहेत. तबकडी फारच लख्ख असेल तर संशय घ्या.

पुस्तकांचं दुकान आमच्याकडे रद्दीच्या तराजूत. तिथे दोन तऱ्हेची पुस्तकं येतात. पहिली, स्पर्धा परीक्षांची. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी. एका पोरानं अभ्यासून रद्दीत टाकलेलं गाइड दुसरा पोरगा निम्म्याहून कमी किमतीत नेतो. गडचिरोलीच्या किती मुलांनी असल्या हातबदल्या पुस्तकांवर नोकरी मिळवली असेल! गणित आणि व्याकरण जुनं होत नाही. चालू घडामोडींचं प्रकरण तेवढं फाडून टाकावं. महाराष्ट्राचा मुख्यमंत्री कोण, या प्रश्नाला 2019 च्या नोव्हेंबरात महिना संपायच्या आत दोन उत्तरं बरोबर होती.

दुसरी पुस्तकं क्वचित येतात. अ. ज. राजूरकरांचा ‘चंद्रपूरचा इतिहास’, 1909 चं इंग्रजी चांदा गॅझेटिअर, मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या. त्यांवर बंद पडलेल्या एखाद्या वाचनालयाचा शिक्का असतो, आत परतीच्या तारखांची चिठ्ठी असते, आणि शेवटच्या तारखेनंतर ते पुस्तक कुणीच नेलेलं नसतं. शिक्का असलेलं पुस्तक घ्यावं का? वाचनालय चालू असेल तर परत द्यावं. बंद असेल तर घ्यावं, आणि लपवून ठेवू नये.

भद्रावतीच्या मातीच्या भांड्यांवर खरं तर वेगळा लेख हवा. कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघानं तिथल्या कुंभारकामाला नवं रूप दिलं. त्या भट्टीतल्या जुन्या बरण्या, सुरया, फुलदाण्या घराघरांत आहेत, पण त्यांना कुणी ‘जुनी वस्तू’ समजत नाही. लोणचं संपलं की बरणी अंगणात तुळशीजवळ जाते, तडा गेला की उकिरड्यावर. पुढची दहा-वीस वर्षं शोधायची वस्तू हीच आहे. आज ती फुकट मिळते.

बाजाराला जाणाऱ्यांसाठी थोडं सांगून संपवतो. सुटे पैसे जवळ ठेवा, दुर्गम गावात मोबाइलला रेंज असेलच असं नाही. एक लोहचुंबक खिशात असू द्या. पितळ म्हणून विकलेल्या मुलामा दिलेल्या लोखंडाचं पितळ तिथल्या तिथे उघडं पडतं. पितळ घरी आणल्यावर चिंचेनं घासा, मशीनवर पॉलिश करू नका, त्यात नावं जातात. आणि ज्यांच्या घरात जुनं आहे त्यांना विनंती: विकायचं असेल तर खुशाल विका, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त वस्तू कुणाची, कुठल्या गावची, कोणत्या सालची, एवढं एका कागदावर लिहून घेणाऱ्याच्या हातात द्या.